बाबांचा डावा हात

एवढ्याशा विमानात बेशुद्ध बाबांचं स्ट्रेचर, एक डॉक्टर, एक नर्स आणि मी. नागपूरहून चेन्नईच्या मोठ्या हॉस्पिटलात निघालो होतो. बाहेर ऊन इतकं स्वच्छ होतं, की आजारपण खोटं वाटावं. आणि त्या स्वच्छ उन्हातच विमान धाडकन खाली गेलं. सलाईनची बाटली छताला आपटली. पायलट ओरडला, "पट्टे आवळा!"

आणि मी, पन्नाशीची बाई, बाबांच्या डाव्या हाताची वाट बघत बसले.

बाबांनी जन्मभर जीप चालवली. करकचून ब्रेक लावायची वेळ आली, की आधी त्यांचा डावा हात शेजारच्याच्या छातीपुढे आडवा यायचा. शेजारी मी असो, आई असो, नाहीतर बाजारातून आणलेलं कलिंगड. आम्ही हसायचो. त्या हातानं काय थांबणार होतं? पण माणसं एकमेकांना दुसरं देऊ तरी काय शकतात? काहीच न अडवू शकणारा एक हात, बस.

विमान पुन्हा धाडकन खाली गेलं. बाबांचा हात पट्ट्याखाली सुईसकट तसाच पडून होता. मीच माझा हात त्यांच्या छातीवर आडवा धरला.

विमान सावरल्यावर नर्स घाम पुसत म्हणाली, "ताई, आपण सगळे घाबरलो. काका बघा किती शांत आहेत."

यंत्रावर ठोके नीट उमटत होते. पण शेजारी मी असताना असा धक्का बसला आणि बाबांचा हात उठला नाही, असं कधी झालं नव्हतं.

चेन्नई अजून तासभर लांब होती. मला आता घाई नव्हती.