शेहाताने न चाखलेला मासा

शेहाताच्या दुकानाची रीत बापाच्या काळापासूनची. फसीखचं पिंप फोडलं की गिऱ्हाइकासमोर पहिला तुकडा दुकानदाराने खायचा. मिठात महिनोन्‌महिने मुरवलेला बोई मासा तो, बिघडला तर माणूस दगावतो. मग दुकानदाराने आधी खाल्ल्याशिवाय लोक तरी कसे घेतील? शेहाताने अठ्ठावीस वर्षं ही रीत पाळली आणि अठ्ठावीस वर्षांचं मीठ अंगात मुरवलं. बीपी वाढणार नाही तर काय!

डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ तोडलं. पण वसंताचा सण तोंडावर, दुकानापुढे ही रांग. गड्याने स्वतःचंच डोकं चालवलं : जास्त तुकडे खाल्ले, की जास्त गोळ्या घ्यायच्या. शहाणाच मोठा! तिसऱ्या दिवशी पिंपाजवळून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि धाडकन आपटला.

"गोळी रोज एकच, ठरल्या वेळी!" डॉक्टर कडाडले. "आणि मासा बंद म्हणजे बंद."

बायकोने, नगातने, घरी बाकल्याच्या, म्हणजे मोठ्या घेवड्याच्या, बिनमिठाच्या उसळीवर लिंबू पिळून ती पुढ्यात ठेवली.

"लोकांना सरळ सांगा, अबू तारेक." तारेकचा बाप म्हणून ती नवऱ्याला अशीच हाक मारायची.

"शेहाता स्वतःचा मासा खात नाही म्हणतील. दुकान बसेल गं."

"बसू दे. तुम्ही अंथरुणाला खिळलात तर मी काय करू?" म्हणत ती रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी पहिलीच हाग्गा इन्शिराह. हज करून आलेली म्हातारी, तोंडाची फटकळ.

"हं, खा आधी."

"हाग्गा, मला बीपी आहे. मासा चांगलाय, पण मला मीठ चालत नाही."

रांगेत कुजबुज झाली. दोघं चक्क चालते झाले. शेहाताचा धीर सुटला, हात तुकड्याकडे गेला.

हाग्गाने मनगट धरलं. "ठेव खाली! माझ्या नवऱ्यालाही डॉक्टर हेच सांगत होते. मी म्हटलं, सणासुदीला एवढ्याने काय होतंय? माझ्या हातांनी भरवलं रे त्याला. आठवड्यात गेला."

तिने तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. चावताना डोळे वाहत होते, ते तिने पुसलेही नाहीत. मग रांगेकडे वळली.

"चांगलाय. घ्या मुकाट्याने."

शेहाताने तराजू उचलला. "दरवर्षीसारखे दोन किलो ना?"

"अर्धाच दे," ती म्हणाली. "माझा थोरलाही गोळ्या घेतो."