ओटीतला नारळ

ही गोष्ट मी कधीच कुणाला सांगितलेली नाही. म्हणजे — सांगितली आहे, शंभरदा सांगितली आहे, पण खोटी. जळगावच्या आमच्या एमआयडीसीत ती सगळ्यांना पाठ आहे. एका अडाणी बाईने परदेशी निघालेल्या कंटेनरची ओटी भरली आणि कारखान्याची पहिलीच ऑर्डर गोत्यात आली! लोक पोट धरून हसतात. आणि सगळ्यांत रंगवून ती मीच सांगतो, असंही म्हणतात. खरी कशी घडली, ते आज सांगायला बसलोय. बायकोलाही ठाऊक नाही. तुमच्यापुढे लाज जरा कमी वाटेल असं वाटलं होतं — तसं काही होत नाहीये.

नव्वदीची सुरुवात होती. आमचा कारखाना प्लास्टिकच्या चटया विणायचा. मी धुळ्याचा, बी.कॉम. झालेला, टायपिंग येणारा. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे, म्हणून कपाळावर आठ्या आणि खिशात दोन पेनं. वय पंचवीस. अंगात मुंगीएवढं कर्तृत्व नाही आणि ऐट मात्र हत्तीची!

आणि पॅकिंग खातं होतं सुभद्राअक्काकडे. पारोळ्याकडच्या शेतकरी घरातली, जळगावात दिलेली, शाळा दुसरीपर्यंत. पण काय बाई होती ती! डोळे मिटून चटईवरून तळवा फिरवायची आणि सुटलेल्या टाक्यावर बरोबर बोट ठेवायची. तिने बांधलेल्या गठ्ठ्याची गाठ सुटायची नाही, कापावी लागायची. हाताखाली चौदा बायका. गोडाऊनच्या किल्ल्या तिच्या कमरेला. त्या किल्ल्या एका बाईकडे असणं त्या काळी कितीतरी पुरुषांच्या डोळ्यांत खुपायचं. अक्का चालू लागली की किल्ल्या वाजायच्या, आणि ते वाजणं तिला आवडायचं. तिच्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट तिने स्वतः कमावलेली होती, हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

पहिली परदेशी ऑर्डर ऑस्ट्रेलियाची आली. मागोमाग खरेदीदाराचं दोन पानी पत्र. कंटेनरमध्ये माती नको, गवत नको, पेंढा नको, कसलंही बी, दाणा, फळ नको. चारी बाजूंनी समुद्र असलेला देश. बाहेरून कीड आली तर शेती बुडेल, म्हणून सरकारचा कडक कायदा. आपल्या शेताला असं जपणाऱ्या लोकांचं आज मला कौतुक वाटतं. तेव्हा मी हसलो होतो. प्लास्टिकच्या चटईत बी कुठून यायचं?

आमचे मालक नाना म्हणाले, "भाऊ, हे पॅकिंगच्या बायकांना मराठीत नीट समजावून सांग. मग सही कर."

मी सही केली. सांगितलं मात्र नाही. त्या दुपारी धुळ्याची एस.टी. गाठायची होती — मुलगी पाहायला. पण हे काही कारण नव्हे. दहा मिनिटांचं काम होतं. खरं सांगू? त्या बायकांपुढे उभं राहून गवत, माती असलं काही बोलणं मला माझ्या इंग्रजीला शोभणारं वाटलं नाही.

चार दिवसांनी कंटेनर भरला. दार लावायच्या आधी अक्का पुढे आली. नवं लुगडं नेसलेली, हातात सूप.

"पहिली पोर सासरले चालनी," ती म्हणाली, "रिकामी ओटीनं कशी धाडू?"

गहू, हळकुंड, सुपारी, नवा कोरा खण, नारळ. दाराजवळच्या दोन गठ्ठ्यांमध्ये तिने ती ओटी अलगद ठेवली. कंटेनरच्या पत्र्याला हळद-कुंकू लावलं. मूठभर गहू आत उधळले, तेव्हा पत्र्यावर ते तडतड वाजले. बायकांचे डोळे भरले. नाना हात जोडून उभे होते; त्यांनी ते पत्र वाचलं नव्हतं, इंग्रजी माझ्या भरवशावर सोडलं होतं. आणि मी? मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला पत्र आठवलं का? — आठवलं. लख्ख आठवलं. तोंड उघडलं असतं तर एवढंच झालं असतं, की 'तू आधी का नाही सांगितलंस' असं नाना म्हणाले असते. तेवढ्याला भ्यालो मी. दार लागलं, सील बसलं.

महिन्याभराने फॅक्स आला. माल बंदरात अडवलेला. सापडलेल्या जिनसांची यादी — गहू, हळद, सुपारी, एक अख्खा नारळ. कंटेनर रिकामा करून धुरी द्यावी लागणार, विक्रीचा मोसम हातचा जाणार, आणि पुन्हा असं झालं तर व्यवहार बंद. नानांनी सगळ्यांना बोलावलं. गहू कुणी आणले, खण कुणी दिला, सगळं खोदून खोदून विचारलं. मग माझ्याकडे वळले. "तू यांना सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

दोनच शब्द. अक्काने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मेलो. ती नुसतं 'नाही' म्हणाली असती तरी चौदा बायका तिच्यामागे उभ्या राहिल्या असत्या.

"सांगेल व्हतं त्यानी, नाना," ती म्हणाली. "मनीच चूक शे."

आणि कमरेच्या किल्ल्या सोडून तिने टेबलावर ठेवल्या. नानांनी त्या उचलून कुणाच्या हातात दिल्या, हे सांगायला हवं का? माझ्या.

बाहेर नळावर ती हात धूत होती. मी जवळ गेलो, काय बोलायचं ते ठाऊक नसताना. तिने मागे न पाहताच विचारलं, "तुनं लगीन जमेल शे ना?" मी हो म्हणालो. "मग जाय. काम कर."

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी येऊन जमिनीवर बसली. "ते पत्र आन. मले बठ्ठं वाची दखाड." मी वाचून दाखवलं. एकेका ओळीवर ती थांबवायची — हे का? ते का? सगळं ऐकून झाल्यावर मान हलवली. "खरं शे त्यासनं. सासरले गई का सासरना रिवाज पाळना पडस."

परदेशी व्यापारावर पुढे मी किती शिबिरं ऐकली, जाडजूड पुस्तकं चाळली. या एका वाक्यापलीकडचं त्यांत काही सापडलं नाही. किल्ल्या माझ्याकडे होत्या, पण खातं तीच सांभाळायची, साध्या कामगाराच्या पगारात. माल भरायच्या आधी कंटेनर तीनदा झाडायची, ओल्या फडक्याने पुसायची, बायकांच्या वेण्यांतले गजरे काढून ठेवायला लावायची.

पुढच्या वर्षी खरेदीदाराचा माणूस जळगावला आला. धिप्पाड, लालबुंद. आदल्या दिवशी पाऊस झालेला, त्याच्या बुटांना काळ्या मातीचे हे थर! तो तसाच पॅकिंगमध्ये शिरायला लागला, तर अक्का झाडू आडवा धरून दारात उभी.

"दादा, पाय पुसी ल्या. माटी चालत नही. तुमनाच कायदा शे."

मी चाचरत इंग्रजीत सांगितलं. तो क्षणभर थिजला, मग एवढ्या मोठ्याने हसला की यंत्रावरच्या पोरी धावत आल्या. खाली बसून त्याने स्वतःच्या हाताने बूट पुसले. मग मला विचारलं, ती नारळवाली बाई हीच का? मी मान डोलावली. त्याचा चेहरा गंभीर झाला. नियम आधी सांगितलेले असूनही हिने तसं केलं होतं का? — त्याने सरळ विचारलं. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. त्या जागी दोन्ही भाषा येणारा मी एकटाच होतो.

"यस," मी म्हणालो.

अक्काला इंग्रजी येत नव्हतं. पण 'यस' कुणाला कळत नाही? ती वाकली आणि त्याच्या बुटांची माती सुपलीत भरून बाहेर टाकायला गेली. किल्ल्या तिला परत मिळाल्या नाहीत. काही वर्षांनी कामगार म्हणूनच ती घरी बसली, आणि मी शेवटपर्यंत तिची गोष्ट सांगून लोकांना हसवत राहिलो.

माझ्या लग्नाला ती धुळ्याला आली होती, एस.टी.ने, उभ्याने. माझ्या बायकोची ओटी तिने भरली. गहू, हळकुंड, सुपारी, खण. नारळ ठेवताना क्षणभर थांबली, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

त्या नारळाचं राहिलंच. नाना सगळं विचारून बसले, नारळ कुणी आणला हे विचारायचं तेवढं विसरले. आणि अक्काने ते सांगितलं नाही.

मी आणला होता. कंटेनर भरत होता तेव्हा तिने मला हाक मारली, पाण्याचा बघून आण म्हणाली, आणि मी लुनावरून चौकातल्या दुकानात गेलो. तीन नारळ कानाशी हलवून पाहिले. चांगला भरलेला निवडला. वरच्या खिशात ते पत्र घडी करून ठेवलेलं होतं. पैसे काढताना ते हाताला लागलं, आणि मी ते पुन्हा आत सारलं.