लेन्सनं खाल्लेली बॅटरी

लग्नाच्या फोटोग्राफरजवळ फोटोंपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फोटो डिलीट तरी मारता येतात. किस्से डिलीट मारायचे तर आधी सलीमभाईला गप्प करावं लागेल, आणि ते पांढरकवड्यात आजवर कोणाला जमलं नाही. सलीमभाई आमचा व्हिडिओवाला. लग्नात मी फोटो काढतो, तो शूटिंग काढतो आणि सीझन संपला की माझी इज्जत काढतो!

कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडला की लग्नं पुढच्या वर्षावर जायची, आणि लागली तरी खर्चातून फोटोवाला पहिला कटायचा. नाव टिकलं तर धंदा टिकणार. म्हणून मी स्टॅबिलायझरवाली लेन्स आणली. हात हलला तरी फोटो हलत नाही म्हणे! माझा हात हलतो हे तोवर गावात कोणाला माहीत नव्हतं. लेन्स आणल्यावर सगळ्यांना कळलं.

*

सलीमभाईच्या घरचं गॅरेज. त्यानं लेन्स कानाला लावली, मी बटण अर्धं दाबलं. आतून बारीक घुर्रर्र आवाज आला.

"राजू, बेअरिंग गेली हिची."

"अरे बापा, मोटर आहे ती! आतली काच सांभाळते. कॅमेऱ्याच्या बॅटरीवर चालते."

सलीमभाईनं जरा विचार केला. "म्हणजे हात तुहा थरथरते, अन् बिल बॅटरी भरते?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं. ही लेन्स बॅटरी खाते.

*

आणि खाल्लीच! ढाणकीच्या लग्नात ऐन सप्तपदीच्या आधी कॅमेरा बंद. दुसरी बॅटरी होती, पण लोडशेडिंगमुळे ती घरून निघाली तेव्हाच उपाशी होती. नवरी-नवरा उभे, भटजी उभे, मी कॅमेऱ्याला थापट्या मारतोय.

नवरीच्या मामाला मी समजावून सांगितलं, "मामाजी, या लेन्सचा स्टॅबिलायझर लय बॅटरी खाते."

मामा म्हणाले, "मंग तिले घरून जेवू घालून काहून नाही आणलं?"

सगळा मांडव हसला. त्या दिवसापासून मी 'बॅटरी भाऊ' झालो. माझं खरं नाव लग्नपत्रिकेच्या पाकिटावरसुद्धा कोणी लिहीना.

*

बाभुळगावला मी हुशार झालो. लाइट आल्या आल्या चार्जर नेऊन लग्नघराच्या स्वयंपाकघरात लावला. परत येऊन पाहतो तर चार्जर ओट्यावर, आणि प्लगात मिक्सर!

"काकू, फोटो कसे काढू आता?"

काकूंनी मान वर केली नाही. "फोटो मंग निघतीन. लाइट आता गेली तं चटणी राहीन."

पंगतीत चटणी वाढली, तेव्हा मी दोनदा मागून घेतली. आपल्याच बॅटरीची होती. सोडतो काय!

*

केळापूरला मी स्टॅबिलायझरच बंद करून टाकला. म्हटलं, खाय आता काय खातं! बॅटरी तरीही संध्याकाळच्या आत संपली, आणि फोटो हलले ते वेगळेच. अल्बममध्ये नवरदेवाला दोन नाकं.

त्याची आई अल्बम घेऊन स्टुडिओत आली. "आमचा पोरगा तं पेत नाही. तुम्ही पेता का?"

*

मग एका लग्नात सलीमभाई दिवसभर शूटिंग सोडून मलाच पाहत होता. प्रत्येक फोटोनंतर बाया-माणसं गोळा व्हायची. "दाखव ना भाऊ!" म्हटलं की मी स्क्रीन सुरू करायचो आणि हळदीपासून दाखवत यायचो. "लय भारी काढला!" म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

सलीमभाई म्हणाला, "राजू, लेन्स थोडीशीच खाते. बाकीची हा मागचा टीव्ही खाते. अन् टीव्ही तू लावतं!"

"कॅमेऱ्यातलं तू मला शिकवू नको," मी म्हणालो.

*

माझं लग्न जमेना. फोटोवाल्याला पोरगी देतो कोण, तेही त्या दिवसांत! शेवटी एक स्थळ आलं. मुलीचे वडील मला निरखून पाहत होते. पाहता पाहता म्हणाले, "ढाणकीले बॅटरी गेलती, ते तुम्हीच ना?"

आत चहाचे कप वाजले. मुलगी, म्हणजे संगीता, हसत होती.

"पोरगी देतो," ते म्हणाले. "पण हिच्या लग्नाचा हाराचा फोटो पाह्यजे म्हणजे पाह्यजे. मले एवढी एकच पोरगी हाये."

मी शब्द दिला. आयुष्यात इतक्या मनापासून मी दुसरा शब्द दिलेला नाही.

लग्नात कॅमेरा सलीमभाईच्या हातात. दोन्ही बॅटऱ्या फुल्ल. स्टॅबिलायझर मी स्वतः बंद केला आणि बटणावर टेप चिकटवला. वर कडक ताकीद, "कोणालेच फोटो दाखवायचा नाही!"

त्यानं कोणाला दाखवलाही नाही. फक्त मला. हळदीत म्हटलं, "दाखव बरं, नाक कसं आलं?" वरातीत म्हटलं, "फेटा सरळ आहे का, पाहू दे." मग म्हटलं, "पहिल्यापासून दाखव एकदा." मंगलाष्टकं सुरू असतानाही माझी मान त्याच्याकडेच.

अंतरपाट खाली गेला. संगीतानं हार उचलला. सलीमभाईनं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि तसाच खाली घेतला.

"राजू, गेली. दुसरीबी."

मी मुंडावळ्या सावरत पाटावरून उतरलो. "लेन्सनं खाल्ली!"

"टेप तूच लावला ना बे!"

आम्ही दोघं कॅमेऱ्यावर वाकून भांडत होतो, आणि संगीता हार धरून तशीच उभी. सासऱ्यांचा हात वयामुळे कापायचा. त्यांनी खिशातून साधा मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

तोच मोठा करून स्टुडिओत लावलाय. जरासुद्धा हललेला नाही. गिऱ्हाईक विचारतं, हा कशाचा फोटो? मी काही बोलायच्या आत संगीता सांगते,

"आमचा हाराचा फोटो हाये. पाहा ना, हार माह्या हातातच हाये."