कोडोलीहून आणलेली गाडी

आमच्या ह्यांना जुन्या गाड्यांचं वेड पहिल्यापासून होतं, पण नोकरीत असताना ते पुरवायला सवड नव्हती. साखर कारखान्याच्या गॅरेजला ते फोरमन होते. हंगाम सुरू झाला की ट्रक आणि ट्रॅक्टरच त्यांचा संसार. निवृत्त झाल्यावर एक दिवस ते आणि भाई सकाळीच कोडोलीला गेले आणि संध्याकाळी टेम्पोच्या मागं दोर बांधून एक मोटार ओढत घेऊन आले.

भाई म्हणजे ह्यांचे मित्र. दोघं लहानपणी एकाच तालमीत लाल माती अंगाला लावायचे. पुढं भाईंनी उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं. वय झालं तरी ते ह्यांना पैलवान म्हणायचे आणि हे त्यांना मर्दा. मी वहिनी आणि त्यांची बायको भाभी. आमच्यात घरच्यासारखं येणंजाणं होतं.

गाडी आमच्या लग्नाच्याही आधीची, लांब बॉनेटची, पाठ गोल. एका शेतकऱ्याच्या गोठ्यात कडब्याखाली दबून पडली होती. आत बसून खाली बघितलं की पायाखालची फरशी दिसायची, इतका पत्रा सडलेला. आमचं घर नदीकडच्या गल्लीत, पुढं थोडं अंगण. त्या अंगणात तिला उभी केली आणि माझी तुळससुद्धा भिंतीकडं सरकवावी लागली. मी बोलले, "ह्या मढ्याला दारात कशाला आणलं?"

"मढं न्हाय ती. झोपलीया," हे म्हणाले.

इंजिन खोलून झालं आणि त्याच पावसाळ्यात ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि उजवा पाय गेला. जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा अंगणात इंजिनाचे भाग पोत्यावर मांडून ठेवलेले तसेच होते. खुर्चीत बसवलं की ते तिकडं बघत राहायचे आणि डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं ओढायचे, जणू ती कुठंतरी अडकलीत.

माझा धाकटा दीर म्हणाला, भंगारात देऊन टाका. ह्यांनी डाव्या हातातलं फुलपात्र त्याच्या अंगावर फेकलं. परत कुणी तो विषय काढला नाही.

त्यानंतर ह्यांचा उजवा हात मी झाले. आवडीनं झाले असं म्हणणार नाही. दुसरं करणार कोण? भाई सुट्टीच्या दिवशी यायचे, बाकीचे दिवस आम्ही दोघंच. हे खुर्चीतून सांगायचे आणि मी करायची. इंजिनाचे व्हॉल्व्ह जागेवर घट्ट बसावेत म्हणून ते घासायचं काम मी पंधरवडाभर केलं असेल. तोंडाला रबर लावलेली लाकडी काठी व्हॉल्व्हला चिकटवायची, खाली काळी पेस्ट लावायची आणि रवी फिरवावी तशी दोन्ही तळव्यांत काठी फिरवत राहायची. तळव्यांना फोड आले. हे कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून खरखर हाय. फिरीव." त्यांचे शब्द मला आधी कळायचे नाहीत. कळले नाहीत की ते चिडायचे. एकदा पाना चुकीचा दिला म्हणून त्यांनी तो माझ्या पायावर टाकला. मी तशीच उठून आत गेले आणि भाकरी थापत रडले. बाहेरून त्यांचाही रडण्याचा आवाज येत होता. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी परत पोत्यावर जाऊन बसले.

भाई आले की घराला जरा वारा लागायचा. जुन्या वायरी त्यांनी सगळ्या उपटून टाकल्या आणि नव्या अशा घातल्या की बघत राहावं. बॉनेटखाली डोकं घालून गाणं गुणगुणायचे. ह्यांच्या जड जिभेची त्यांनी कधी कीव केली नाही. "पैलवान, नीट बोल की. तोंडात विडा धरून बोलतोयस व्हय?" असं म्हणायचे आणि हे हसायचे. मला ह्यांना हसवता आलं नव्हतं, ते भाईंना जमलं.

गाडी सुरू झाली त्या दिवशी भाभीपण आल्या होत्या. भाईंनी पुढं हँडल घालून ते फिरवलं, इंजिन ठसकलं, निळा धूर आला आणि मग आवाज धरला. ह्यांनी मला जवळ बोलावलं, माझा हात धरून बॉनेटवर ठेवला आणि तसाच दाबून धरला. पत्रा थरथरत होता. 

तळाला नवा पत्रा मारून घेतल्यावर एकदा आम्ही चौघं त्याच गाडीतून कोडोलीला गेलो. भाई चालवत होते, हे शेजारी. दोन्ही बाजूंना ऊस उभा. माणसं सायकल थांबवून बघायची. ज्यांच्या गोठ्यातून गाडी आणली होती त्या म्हाताऱ्यानं तिच्याभोवती फेरी मारली, काचेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पावणं, ही हालंल असं वाटलं न्हवतं." परत येताना भाभींनी आणि मी मागं बसून शेंगा खाल्ल्या. आमच्या घरातला तेवढा एक दिवस चांगला गेला.

पुढच्या पावसाळ्यात पंचगंगा चढली. आमच्याकडं पाणी नदीकडून येत नाही, आधी गटारीतून उलटं वर येतं. सकाळी उठले तर अंगणात चाकाच्या टायरला पाणी टेकलेलं. महापालिकेची रिक्षा भोंग्यावरून घरं सोडायला सांगत होती. मी कपडे, औषधं, गॅसची शेगडी असं बांधायला घेतलं. हे खुर्चीतून हलेनात.

"गाडी," एवढंच म्हणत होते.

गाडी सुरू करायची सोय नव्हती. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा कार्बोरेटर साफ करायला काढून टेबलावर ठेवला होता. मी म्हटलं, "जाऊ दे तिला. परत धुवून घेऊ. मी घासते सगळं परत." त्यांनी डाव्या हातानं मोबाईल घेतला आणि भाईंना फोन लावला.

भाईंचं घर उंचावर होतं, तिकडं पाण्याचा काही प्रश्न नव्हता. ते अर्ध्या तासात आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला टॉवेल. त्यांनी गल्लीतली दोन-तीन माणसं गोळा केली आणि गाडी ढकलायला सुरुवात केली. वर शाळेचं मैदान होतं, तिथं न्यायची होती. मी ह्यांना धरून पायरीवर उभी होते. गल्लीच्या तोंडाशी भाई एकदम कंबरेपर्यंत खाली गेले. गटारीचं झाकण पाण्यानं उचललं होतं, ते दिसलं नव्हतं. लोकांनी हाताला धरून वर काढलं. नडगी सोलून निघाली होती. त्यांनी टॉवेल बांधला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "काय न्हाय वहिनी, खरचटलंय." आणि परत गाडीला खांदा लावला.

गाडी मैदानात पोचली. मग ते परत आले आणि ह्यांना पाठीवर घेऊन वर नेलं.

पूरग्रस्तांची सोय मंगल कार्यालयात केली होती, तिथं आम्ही राहिलो. आठवड्याभरात भाईंना ताप भरला. आधी वाटलं, भिजल्यामुळं असेल. मग डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुराच्या पाण्यातून येणारा ताप आहे, उंदरांमुळं होतो, जखमेतून आत शिरतो. मी बघायला गेले तर त्यांनी मला ओळखलं. "पैलवानाला सांग, कार्बोरेटरची जेट फुंकून घाल म्हणावं," असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेले.

मी कार्यालयात येऊन ह्यांना सांगितलं. ते सतरंजीवर बसले होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "मी फोन केलता." नंतर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मातीला जायला त्यांना उचलून न्यायची तयारी लोकांनी दाखवली, पण ते गेले नाहीत. मी गेले आणि बायकांत भाभींच्या जवळ बसले. 

पाणी ओसरल्यावर घरी आलो. भिंतींना छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ, गाद्या कुजलेल्या, धान्याला मोड आलेले. सगळ्या गल्लीचं हेच. आणि मैदानात आमची गाडी तेवढी कोरडी, स्वच्छ. लोक येता-जाता तिच्याकडं बघायचे. मला मान वर करवत नव्हती.

चाळीस दिवस झाल्यावर मी भाभींकडं गेले. त्यांनी चहा केला. मग म्हणाल्या, "ते मनानं गेलते. कुणी ढकललं न्हवतं. भाऊजींना मी शिव्या देत न्हाय. पण ती गाडी माझ्या दारावरनं नेऊ नका. आवाज ऐकवणार न्हाय मला."

मी हो म्हटलं.

शाळा सुरू झाली, मैदान मोकळं करून मागितलं. कार्बोरेटर चिखलातून काढून धुतला, त्याच्या जेटचं बारीक भोक फुंकून घेतलं आणि मी तो बसवला. गल्लीतल्या एका पोराला चालवायला बसवलं आणि भाभींचं दार टाळून गाडी लांबच्या रस्त्यानं घरी आणली. दारात आवाज ऐकून हे आतल्या खोलीत काठी टेकत गेले आणि दार लावून घेतलं. मी आठवड्यातून एकदा इंजिन फिरवायची, नाहीतर ते गंजून जाम झालं असतं. दरवेळी आतलं दार लागायचं. एक दिवस ते म्हणाले, "दिऊन टाक." बेळगावकडचा एक माणूस घेऊन गेला. तो वायरिंगकडं बघून कुणी केलं म्हणून विचारत होता. हे बाहेर आले नाहीत. मी सांगितलं, आमच्या घरातल्या माणसानं.

हे त्यानंतर दीड-दोन वर्षं होते. हळूहळू बोलणं संपलं, मग खाणं.

भाभी आता लेकीकडं हुपरीला असतात. परवा स्टँडवर भेटल्या. थकल्यात. बाकड्यावर शेजारी बसलो. गुडघ्यांचं बोललो, त्यांच्या नातीच्या शाळेचं बोललो. ह्यांचं कळलं होतं, यायला जमलं नाही, असं म्हणाल्या. मी म्हटलं, असू दे. मग त्यांची एसटी लागली. मी त्यांची पिशवी वर दिली आणि गाडी हलेपर्यंत खाली उभी राहिले.