मूठभर तळ

माझ्या बाबांनी आयुष्यात पैज एकच लावली आणि ती समुद्रावर लावली. तेव्हा त्यांनी समुद्र पाहिलेलाही नव्हता.

बोंडअळीनं आमच्या भागातला कापूस आतून पोखरून टाकला, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. दुसऱ्या वेचणीलाच बोंडं किडकी निघाली, तिसरी वेचणी झालीच नाही. एरवी मान वर करायला फुरसत नसते त्या दिवसांत लोकांनी कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर टाकल्या आणि सगळं गाव रिकामं बसलं. मला टपाल खात्यात लागून तेव्हा चार वर्षं झाली होती. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.कॉम. झाले, परीक्षा दिली, नोकरी मिळवली. हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं, मिरवते. मिरवतेच. सरकारी नोकरीत प्रवासाची सवलत असते, त्यात आईवडिलांना घेऊन अंदमानपर्यंत विमानानं जाता येत होतं. मी अर्ज टाकला आणि घरी येऊन सांगितलं.

आईनं लगेच पेटी काढली. बाबा म्हणाले, "लोकं काय म्हणतीन? वावर असं उताणं पडलं अन् हे चालले हवा खायले."

बाबांना घराबाहेर काढलं ते त्यांच्या जुन्या दोस्तानं. हे काका आणि बाबा एका वयाचे. दोघांना पोहायला शिकवलं माझ्या आजोबांनी, एकाच विहिरीत. आमच्याकडे पोहणाऱ्याची एक रीत आहे. नवी विहीर खोदली, पाणी भरलं, की गावातला पट्टीचा पोहणारा तिच्यात सूर मारतो आणि तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येतो. ती मूठ काठावर ठेवायची. मूठ ठेवली म्हणजे माणूस तळाला हात लावून आला हे पक्कं. मूठ नाही, तर तो नुसता डुंबून आला. आजूबाजूच्या चार गावांतल्या विहिरींवर बाबांनी मुठी ठेवल्या होत्या. मला हे सगळं ऐकूनच माहीत. पुरुष पोहत असले की बायापोरींनी तिकडे फिरकायचं नाही, असा दंडक होता. बाबांनी गावातली अर्धी पोरं पोहायला शिकवली, पण मला नाही. मी त्यांना कधी पाण्यात पाहिलंसुद्धा नव्हतं.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर विषय निघाला तेव्हा काका म्हणाले, "जाय ना बे. पण समुद्राले तळ असते का?"

"पाणी हाय तिथी तळ हाय," बाबा म्हणाले.

"मंग आण मूठभर. आणली तं माही मिशी काढतो. नाई आणली तं तुही."

बाबांची मिशी आजोबा वारले तेव्हा उतरवली होती, त्यानंतर तिला वस्तरा लागला नव्हता. काकांचीही तशीच, जाड, टोकं वर वळवलेली. बाबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"वस्तऱ्याले धार लावून ठेव," ते म्हणाले आणि घरी येऊन मला विचारलं, "विमान कधीचं हाय?"

पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धक्क्यावर उभे होतो. दिवसभरात तीन बेटं दाखवणारी स्पीडबोट होती, पांढरी, मागे दोन इंजिनं. चढण्याआधी सगळ्यांना नारिंगी जॅकेटं घातली. आईनं लुगड्यावरून ते जॅकेट घातलं, पट्टे आवळून घेतले आणि म्हणाली, "पोळ्याची झूल घातली मले. आता शिंगं रंगवा."

बोट आधी हळूहळू निघाली, धक्क्याबाहेर पडली आणि बोटवाल्यानं एकदम दांडा पुढे रेटला. पुढचं टोक उचललं गेलं. मी मागे आपटले. पाण्यावर बोट चालत नव्हतीच, ठेचकाळत उडत होती. एका लाटेवरून सुटली की पोटात खड्डा पडायचा आणि दुसरीवर आदळली की दात वाजायचे. मला ओरडावंसं वाटत होतं, पण सरकारी नोकरीतली बाई म्हणून तोंड मिटून बसले. बाबांना तसलं काही बंधन नव्हतं. ते दोन्ही हातांनी समोरचा गज धरून अर्धवट उभे राहिले.

"हा तं शंकरपट हाय," ते वाऱ्यात ओरडले. "मार, मार, मार, बाजूची जोडी मांगं पडून राह्यली."

बाजूला खरंच दुसरी बोट होती. आमच्या बोटवाल्यानं मागे वळून बाबांकडे पाहिलं, हसला आणि आणखी रेटली. आमच्याकडचे बैलांचे पट बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत बाबांना असं उभं राहून ओरडताना मी पाहिलं नव्हतं. पाण्याचा एक सपकारा आईच्या तोंडावर बसला. तिनं जीभ ओठांवरून फिरवली आणि माझा दंड धरला.

"खारं हाय वो माय," ती म्हणाली. "खरंच खारं हाय."

जन्मभर तिनं समुद्र खारा असतो असं ऐकलं होतं. तिचा त्यावर विश्वास नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिल्या बेटावर जुन्या पडक्या इमारती होत्या, भिंतींना झाडांची मुळं चिकटलेली, आणि माणसांमधून बिनधास्त फिरणारी हरणं. लोक त्यांना हातानं बिस्किटं चारत होते. बाबा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "इथी याईले बिस्कीट," ते म्हणाले, "अन् आमच्याकडं रोही अन् डुकरं हाकलता हाकलता जीव जाते." तरी जाताना एका पाडसाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवलाच. दुसऱ्या बेटावर दीपगृह होतं. वीसच्या जुन्या नोटेमागे जी नारळाची झाडं आणि समुद्र छापलाय तो याच बाजूचा, असं बोटीतल्या कोणीतरी सांगितलं. बाबांनी खिशातून नोट काढून समोर धरली, एक डोळा मिटून जुळवली, घडी घालून परत ठेवली.

"बरोबर हाय. पण तळ कुठी हाय?"

तळ तिसऱ्या बेटापाशी होता. बोट किनाऱ्याच्या अलीकडेच थांबली, इंजिन बंद झालं आणि मी खाली पाहिलं. पाणी आहे की नाही असं वाटावं इतकं स्वच्छ. खाली पांढरी वाळू, मधे मधे प्रवाळाचे झाडासारखे फाटे फुटलेले दगड, त्यांतून पिवळे मासे फिरत होते. सगळं ताटात वाढल्यासारखं समोर.

"उन्हाळ्यातली विहीर हाय," आई म्हणाली.

"गुडघाभर असन," बाबा म्हणाले.

आमच्या विहिरींचं पाणी हिरवं असतं. तळ दिसतो तो एप्रिल-मे महिन्यात, पाणी कमरेखाली उतरतं तेव्हा. तळ दिसला म्हणजे पाणी सरत आलं, हे आम्ही चालायला लागल्यापासून जाणतो. मीही जाणत होते, माझी बी.कॉम.ची पदवी त्यात काही फरक करू शकली नाही. बाबांनी पायजमा भिजू नये म्हणून गुडघ्यापर्यंत दुमडला, मागच्या शिडीवरून खाली गेले आणि वाळूवर पाय ठेवायला म्हणून आरामात उतरले.

पाय कुठे टेकलाच नाही. पायजम्यासकट ते गळ्यापर्यंत आत गेले आणि जॅकेटनं लगेच बुचासारखे वर उसळले. आईनं आधी किंकाळी फोडली, मग ते तरंगताहेत असं पाहिल्यावर इतकी हसली की जॅकेटचा पट्टा सुटला.

"अंकल, बारा फूट है," पाण्यात आधीच उतरलेला गाईड म्हणाला. तिशीतला माणूस होता. त्याचे आजोबा जंगल तोडायला रांचीकडून इथे आले होते, असं त्यानं सकाळी सांगितलं होतं.

बाबांनी तोंडावरचं पाणी पुसलं. "दोन पुरुस," ते मला म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला हसू आलं. "दोन पुरुस पाणी, अन् तळ दिसते." मग ते गाईडकडे वळले. "भाऊ, ये जॅकेट निकालो. नीचे जाना है."

"जॅकेट नहीं उतरेगा अंकल. नियम है."

"मूछ का सवाल है."

बाबांनी पैज सांगितली, त्यांच्या हिंदीत, अर्धी हातानं. गाईड ऐकत राहिला. आधी हसला, मग त्यानं बाबांच्या मिशीकडे नीट पाहिलं. बाकीची मंडळी जेवायला किनाऱ्यावर गेली, तेव्हा त्यानं बाबांना दोर लावून आखलेल्या उथळ पाण्यात जॅकेटविना पोहायला लावलं. बाबा एकदाच जाऊन आले, तेवढ्यानं त्याची खात्री पटली.

"मैं साथ जाऊँगा," तो म्हणाला. "तीन बार. कोरल को हाथ नहीं, सिर्फ रेत पर."

मला पोहता येत नाही. पण जॅकेट होतं, डोळ्यांवर काच, तोंडात नळी, हाताला धरायला रबरी चाक. मी पाण्यावर पालथी झाले आणि तोंड खाली घातलं. माझा श्वास माझ्याच कानात घुमत होता.

बाबांनी विहिरीत मारतात तशी छाती भरून बुडी मारली. अर्ध्यावर गेले आणि कोणी ओढल्यासारखे वर आले.

"हे पाणी फेकते मले," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा जास्त जोर केला. थोडे आणखी खाली गेले, परत वर, नाकातोंडात पाणी, खोकला. बोटीतून आईचा आवाज आला, "ऱ्हाऊ द्या वो. मिशी काय, महिनाभरात उगते."

"हवा छोड़ के जाओ, अंकल," गाईड म्हणाला. "नमक का पानी है. भरी छाती को नीचे नहीं जाने देगा."

बाबा थोडा वेळ तसेच हात हलवत राहिले. चाळीस वर्षं एका रीतीनं केलेली गोष्ट उलटी करायची होती. मग त्यांनी अर्धी हवा सोडून दिली आणि गेले.

माझ्या खालून गेले ते. बनियन फुगलेली, पाय सरळ, तीन हात मारले आणि चौथा मारावाच लागला नाही. एवढ्या सावकाश जाणारा माणूस मी पाहिला नव्हता. पिवळे मासे बाजूला झाले आणि परत आले. वाळूशी पोचल्यावर बाबांनी तळहात ठेवला, बैलाच्या पाठीवर थोपटतात तसं दोनदा थोपटलं, मग मूठ भरली. आणि वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांवर काच नव्हती, मी त्यांना धूसरच दिसले असणार. मी नळीतूनच ओरडले. काय आवाज निघाला कोण जाणे.

ते वर आले ते मूठ डोक्यावर धरून. बोटांच्या फटींतून पांढरी वाळू ओघळत होती. आई टाळ्या वाजवत होती, बोटवाला शिट्टी मारत होता. मी पिशवीतल्या साबणाच्या डबीचा विचार करत होते, ती रिकामी करून वाळू तिच्यात भरता येईल म्हणून.

गाईड जवळ आला. "अंकल, ये यहीं छोड़ना पड़ेगा. रेत, पत्थर, शंख, यहाँ का कुछ बाहर नहीं जाता."

"थोडीशीच..." मी म्हणायला लागले.

बाबांनी मुठीकडे पाहिलं. "नाई पोरी," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या वावरातलं बोंड तोडतो का आपण?"

त्यांनी हात पाण्याखाली नेऊन मूठ उघडली. वाळू धुरासारखी पसरत खाली गेली.

परतताना बोट तशीच उडत होती आणि बाबा तसेच उभे होते. एकदा वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "मिशी गेली," आणि पुन्हा ओरडायला लागले, "मार, मार."

गावी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले, तर टपरीवर बाबा आणि काका समोरासमोर बसलेले. मी स्कूटी थांबवली. आमच्याकडे बाई टपरीवर थांबत नाही. मी थांबले.

"मूठ?" काका विचारत होते.

"आणली होती. सोडून देल्ली."

"मंग चाल कटिंगच्या दुकानात."

बाबा उठले. वाद घालायचा नाही असं त्यांनी ठरवलंच होतं. माझ्यानं राहवलं नाही.

"काका, मी पाह्यलं. तळापर्यंत गेलते ते."

"तू त्याची पोरगी हायेस, तू म्हणशीनच," काका म्हणाले. मग म्हणाले, "काय पाह्यलं? सांग."

मी सांगितलं. दोनदा परत आले ते, हवा सोडली ते, मासे, बनियन. "मंग वाळूवर हात ठेवला, दोनदा थोपटलं अन्..."

"थोपटलं?" काकांनी ग्लास खाली ठेवला. "हे यानं सांगतलं तुले?"

"म्या कायले सांगू?" बाबा म्हणाले. "थोपटलं का म्या? मलेच मालूम नाई."

काका बाकावरून माझ्याकडे वळले. मग त्यांनी मला सांगितलं की गाळात हात घालायच्या आधी दोनदा थोपटायचं, खाली साप असो की मासा असो, सरकून जातो, हे माझ्या आजोबांनी या दोघांनाच शिकवलं होतं. दुसऱ्या कोणाला कधी दिसायचा प्रश्नच नव्हता. विहिरीचं पाणी हिरवं. माणूस आत जातो आणि मूठ बाहेर येते, मधलं कोणालाच दिसत नाही. म्हणून तर मूठ लागते.

"चाळीस वर्सं याच्या संगं पोह्यलो," काका म्हणाले, "पण खाली म्या याले कधी नाई पाह्यलं. तू पाह्यलं."

ते उठले आणि समोरच्या कटिंगच्या दुकानात गेले. बाबा मागे धावले. "अबे थांब, मूठ कुठी हाय? रीत म्हणजे रीत." एक खुर्ची, त्यावर बसायला दोघं एकमेकांना ओढताहेत आणि दुकानवाला वस्तरा हातात धरून उभा, असं मी स्कूटीवरून बघत होते. चार वर्षांत पहिल्यांदा मला ऑफिसला उशीर झाला.

काका जड होते, खुर्ची त्यांनीच मिळवली. पुढचे दोन महिने बाजारात, लग्नात, बसस्टँडवर लोक त्यांना विचारत, कोणी गेलं का घरातलं. ते ओठांवरून बोट फिरवत आणि एवढंच सांगत, "नाई. समुद्राले तळ हाय."