न हलणारा ट्रॅक्टर

खून पाहिले, दरोडे पाहिले, पण नोकरीतलं एखादं प्रकरण सांगा असं कोणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी येतो तो एक उभा ट्रॅक्टर. तेव्हा मी भंडारा जिल्ह्यात, लाखनीच्या पुढे महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

महामार्गावरचे सगळे सिग्नल नुकतेच दूरच्या एका नियंत्रण कक्षाला जोडले होते. आडरस्त्यावर वाहन आलं की कॅमेरा ते मोजायचा आणि महामार्गाला लाल दिवा लागायचा. कक्षाच्या पडद्यावर चित्र येत नसे, नुसते आकडे. आमच्या चौकात मात्र ऐन रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ हा लाल दिवा हटेचना. ट्रकांची रांग लागायची आणि शिव्या आमच्या हवालदाराने खायच्या. कक्षाने लेखी तक्रार दिली, की कोणीतरी सिग्नलच्या पेटीत छेडछाड करतो, सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा दाखल करा.

पंचांसमक्ष पेटी उघडली. कुलूप शाबूत, वायरही शाबूत. खबर दिली ती चौकातल्या पानठेलेवाल्याने. पोलिसांना जे कळत नाही ते पानठेल्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. तो म्हणाला, एक ट्रॅक्टर रोज आडरस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर येऊन थांबतो आणि त्याच्याकडचा दिवा हिरवा झाला तरी हलत नाही.

चालकाला ठाण्यात आणलं. चाळिशीचा, हडकुळा माणूस. ट्रॅक्टर मालकाचा, हा रोजीवर. आधी म्हणाला, गाडी बंद पडते. मी म्हटलं, बरोबर त्याच वेळी बंद पडते, मोठी शहाणी गाडी आहे. तो हसला नाही. लायसन्स जाईल, ट्रॅक्टर जप्त होईल, मग मालक दारात उभं करणार नाही, हे सगळं ऐकवलं. खाली मान घालून म्हणाला, "मले काय करायचं ते करा साहेब. दुसऱ्या कोनाले इचारू नका."

स्वतःला वाचवणारा माणूस फार बोलतो. हा दुसऱ्या कोणाला तरी वाचवत होता.

संध्याकाळी ठाण्याच्या व्हरांड्यात बाया येऊन उभ्या राहिल्या. रोवणीवरून थेट आलेल्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल. आत यायला तयार नव्हत्या. त्यांच्यातली एक वयस्क बाई पुढे झाली.

"साहेब, त्याले सोडा. आमच्यासाठीच तो उभा राहून राहिला. टरक थांबतेत तवा आमी रस्ता पार करतो. पायी मानसासाठी तो दिवा हिरवा होते का कधी?"

रोवणीची टोळी सगळ्या बाया बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरल्याशिवाय कामाला हात घालत नाही. त्यामुळे मागे राहिलेली बाई टोळी गाठायला धावते. ट्रॅक्टरवाल्याची बायको अशीच धावली होती. ट्रकचा धक्का लागून पाय मोडला, ती घरी खाटेवर होती. बायांची नावं पोलिसांच्या कागदावर गेली तर गावात चर्चा होईल, म्हणून हा माणूस स्वतःची भाकरी पणाला लावून गप्प बसला होता. मला भरून आलं. खाकीत ते दाखवता येत नाही, म्हणून मी हवालदारावर उगाच खेकसलो.

स्टेशन डायरीत नोंद घेऊन, समज देऊन त्याला सोडलं. कक्षातले साहेब भले होते. पण म्हणाले, कॅमेरा पायी माणूस मोजतच नाही, पादचाऱ्यांसाठी वेगळा वेळ द्यायला वरून मंजुरी लागेल. वरची मंजुरी यायची तोवर रोवणी संपून धान कापणीला आलं असतं.

कोणी केलं हे शोधायला आम्हाला शिकवतात. का केलं हे विचारायला मी या प्रकरणात शिकलो, आणि उत्तर मिळाल्यावर नुसती फाईल बंद करणं पुरेसं नसतं हेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कक्षातून फोन आला. आडरस्त्यावर पुन्हा एक वाहन हलत नाही, त्या ट्रॅक्टरवाल्याला आता तरी अटक करा.

मी म्हटलं, "ट्रॅक्टर नाही, ती आमच्या ठाण्याची जीप आहे. बाया पार झाल्या की काढतो."