तांड्यावरून दिसणारा दिवा

फेब्रुवारी १९९८, शनिवार. काम एकच उरलं होतं: रात्रीसाठी दिवा ठरवायचा.

सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका आमराईत आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलींचं एका रात्रीचं शिबिर होतं. सोबत मी आणि अंगणवाडीच्या मावशी. जमिनीला भेगा आणि भेगांत विंचू, म्हणून खाली झोपायचं नाही असं मी आधीच सांगितलं होतं. मुलींनी आयांची जुनी लुगडी आणली होती. लुगडं दुहेरी करून दोन आंब्यांना बांधलं की झोळी झाली. एक मुलगी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची होती; तिची आई घागरा नेसायची, म्हणून त्या मुलीला माझं एक जुनं पातळ दिलं.

या मुलीला पाठवायला तिचा बाप सहजी तयार झाला नव्हता. आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहावं लागणार. तो म्हणाला होता, "बाई, लेकरू एक रातसुद्धा कधी घराबाहेर राहिलं न्हाई. ही रात बराबर गेली तर वसतिगृहाचं बघू. न्हाईतर विषय बंद. अन् रातभर तुमचा दिवा आमाला दिसला पाह्यजे. हिची माय दारात बसून राहील."

तांडा समोरच्या माळावर होता. दिवा दिसला की बॅटरी उघडझाप करतो, असं तो सांगून गेला. अंधार पडल्यावर मी आधी कंदील टांगला. माळावर काहीच नाही. मग मंडपवाल्याकडून आणलेली गॅसबत्ती पेटवली. लगेच माळावर उघडझाप झाली.

पण पाण्याजवळची जागा. बत्तीभोवती किड्यांचा थवा जमला आणि झोळ्यांत पाऊस पडावा तसे किडे पडायला लागले.

"बाई, माझ्या तोंडात गेला!"

"गिळून टाक," मावशी म्हणाल्या. "मगाशी भाजी कमी पडली म्हणून रडून राहिली होतीस ना."

मी बत्ती उचलून आमराईच्या पार कडेला, माळाच्या अंगाला टांगली. किडे तिच्यामागं गेले. झोळ्यांखाली कंदील ठेवला, वात अगदी बारीक करून, म्हणजे उतरणारीला पाय कुठं टेकतो ते दिसावं. डोळ्यांवर उजेड नाही, पायाखाली अंधार नाही. एकेक करून मुली गप्प झाल्या.

मग बत्तीत भपकन जाळ झाला आणि मेंटल, म्हणजे उजेड देणारी जाळी, गळून पडलं; माळाकडचा उजेड गेला. जास्तीचं मेंटल पेटीत होतं. मी पेटी उघडेपर्यंत एका घाबरट मुलीनं माझी मोठी बॅटरी घेतली आणि माळाकडं तोंड करून जोरजोरात हलवली. आम्ही ठीक आहोत, हे तिला कळवायचं होतं.

तांड्यावरची मुलगी झोळीतून उडी मारून उतरली. "अगं काहून हलवलीस? हलता दिवा म्हंजी धावा! आता समदा तांडा येईल!"

खरंच होतं. आमच्याकडं रानात साप निघाला, विहिरीत कुणी पडलं, की दिवा हलवतात. माळावर बॅटऱ्या पेटल्या आणि खाली धावत यायला लागल्या.

मला वाटलं, झालं. बाप आता पोरीला उचलून नेणार आणि विषय बंद.

मी नवं मेंटल बांधून बत्तीला पंप मारायला बसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पोरगी मात्र कंदील घेऊन आमराईच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. पुढं बाप, मागं काठ्या घेतलेले सात-आठ जण.

"बा, काही झालं न्हाई. मेंटल गळालं. हळू बोला, पोरी झोपल्यात."

एकही झोपलेली नव्हती. झोळ्यांतून खुसुखुसु हसू येत होतं.

"तू भ्याली न्हाईस?"

"तुमीच भ्याले. चप्पल कुठंय तुमची?"

मागचे हसले. बाप अनवाणीच पळत आला होता. तो आत आला, पोरीच्या झोळीच्या दोन्ही गाठी ओढून पाहिल्या, हातानं दाबून भार दिला.

"कुणी बांधली?"

"म्या."

"पक्की हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बाई, बत्ती पेटवा. हिच्या मायला सांगतो, लेकरू तिथंच झोपलं म्हणून."

काठ्या खांद्यावर टाकून ते परत गेले. मावशी म्हणाल्या, "आलेच होते तर चहा तरी पाजायचा." बत्ती पहाटेपर्यंत नीट जळली.

सकाळी मुलींना मावशींच्या हवाली करून मी त्या पोरीबरोबर माळ चढून तांड्यावर गेले. तिच्या आईच्या डोळ्यांत रात्रभराचं जागरण होतं. तिनं चहा ठेवला. मी कपबशी हातात घेऊनच सांगितलं, सोमवारी पहिल्या गाडीनं वसतिगृह बघायला जाऊ, तुम्हीही चला. ती नवऱ्याकडं बघायला लागली. तो म्हणाला, "जा की. म्हशीचं मी बघतो."